मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के: मधुमेहींच्या डोळ्याला ही बाटली किती पुरते?

निकाल आधी सांगून टाकू. जिवाणूंमुळे डोळे आले असतील तर हे थेंब मधुमेहींनाही चांगलं काम देतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम होऊन ती चिघळली असेल तर पहिलं औषध म्हणून निवड योग्य आहे, मात्र बाटलीसोबतच्या कागदावर छापलेलं वेळापत्रक तिथे लागू पडत नाही. आणि संसर्ग डोळ्याच्या आत भरलेल्या पारदर्शक जेलीत, म्हणजे काचद्रवात, शिरला असेल तर ही बाटली कितीही वेळा पिळली तरी उपयोग शून्य. एकाच औषधाला इतके वेगवेगळे गुण द्यावे लागतात याचं कारण औषधात कमी आणि मधुमेही डोळ्यात जास्त आहे.

अँटिबायोटिक थेंबांची तुलना करताना साधारणपणे एवढंच पाहिलं जातं की कोणते जिवाणू मरतात. मधुमेहात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: जिवाणू मेल्यानंतरचं काम कोण करणार? मेलेल्या जिवाणूंचे अवशेष उचलणं, सूज आवरती घेणं, उघडी पडलेली जागा नव्या पेशींनी झाकणं, यातलं काहीही बाटलीत येत नाही. ते शरीरालाच करावं लागतं, आणि वाढलेली साखर नेमकी तिथेच आडवी येते.

बाटलीत काय आहे

दर मिलिलीटरला ५ मिलिग्रॅम मॉक्सिफ्लॉक्सासिन, फिकट पिवळसर द्रव, सोबत बोरिक ॲसिड, मीठ आणि पाणी. सामू ६.८ च्या आसपास, म्हणजे अश्रूंच्या बराच जवळ. हा आकडा किरकोळ वाटतो, पण दर तासाला थेंब टाकायची वेळ आली की त्याचं महत्त्व कळतं. जुन्या सिप्रोफ्लॉक्सासिन ०.३ टक्के थेंबांचा सामू ४.५ असतो, त्यामुळे ते झोंबतात. शिवाय ते आम्लात विरघळवून ठेवलेलं औषध अश्रूंत मिसळलं की साक्याच्या रूपात बाहेर पडतं. कॉर्नियाच्या जखमेत वारंवार वापरल्यावर सुमारे १७ टक्के रुग्णांत जखमेवर पांढरा, खडूसारखा थर बसलेला दिसला होता. तो घातक नाही, पण जखमेची कड त्याखाली झाकली जाते आणि जखम आकसतेय की पसरतेय हे मोजता येत नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनमध्ये ही अडचण नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे मूळ बनावटीत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक नाही. औषध स्वतःच बाटलीतल्या जिवाणूंना वाढू देत नाही. बेंझाल्कोनियम साबणासारखं वागतं. ते कॉर्नियाच्या सर्वांत वरच्या पेशींमधले सांधे सैल करतं. निरोगी डोळा दिवसातून तीन-चार थेंबांचा तेवढा त्रास सहन करतो. मधुमेहात या पेशी मुळातच खालच्या थराला नीट चिकटलेल्या नसतात आणि डोळा बऱ्याचदा कोरडा असतो. त्यात दिवसाला वीस-पंचवीस वेळा साबण गेला तर जखम भरायच्या ऐवजी रुंदावू शकते. एकाच औषधाच्या सगळ्या कंपन्यांच्या बाटल्या सारख्या असतीलच असं नाही, म्हणून लेबलवर घटकांची ओळ वाचूनच बाटली घ्यावी. गॅटिफ्लॉक्सासिनच्या ०.३ टक्के थेंबांत बेंझाल्कोनियम असतं. जिवाणू मारण्यात ते मागे नाही, पण दीर्घकाळ तासातासाला टाकायचं असेल तर मधुमेहींसाठी मॉक्सिफ्लॉक्सासिनच बरं.

जिवाणूंच्या डीएनएचा पीळ सांभाळणारी दोन एन्झाइमं, डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज-४, या दोघांनाही हे औषध अडवतं. त्यामुळे स्टॅफिलोकॉकस आणि न्यूमोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर ते जुन्या पिढीपेक्षा जोरकस आहे. स्यूडोमोनासवर मात्र सिप्रोफ्लॉक्सासिन आजही वरचढ ठरतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यात झपाट्याने पसरणारी, हिरवट पू असलेली जखम दिसली की स्यूडोमोनासचा संशय आधी घ्यायचा, आणि मग ‘नवीन पिढीचं म्हणजे अधिक चांगलं’ हा हिशेब चुकतो.

बाटलीबाहेरचं अर्धं काम

या गटातल्या, म्हणजे फ्लुओरोक्विनोलोन औषधांच्या, चाचण्यांतले दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या चाचण्यांत दिवसातून तीनदा, चार दिवस थेंब टाकल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी ८४ ते ९४ टक्के रुग्णांच्या डोळ्यातले मूळ जिवाणू नाहीसे झाले होते, पण डोळा पूर्ण बरा दिसत होता ६६ ते ६९ टक्के रुग्णांचाच. म्हणजे जिवाणू गेल्यावरही काहींचा डोळा लाल होता. गॅटिफ्लॉक्सासिनच्या चाचणीत औषध घेतलेले ७७ टक्के बरे झाले, आणि औषध नसलेला नुसता द्रव टाकलेलेही ५८ टक्के बरे झाले. डोळे येण्यातून बाहेर काढण्याचं निम्म्याहून अधिक काम शरीराचं स्वतःचं आहे, हे यातून सरळ दिसतं. हा वाटा मधुमेहात कमी पडतो.

कुठे कमी पडतो, ते पाहू. डोळ्याचं पहिलं कुंपण म्हणजे अश्रू. त्यांत लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि आयजीए प्रतिपिंड असतात, आणि पापणीची प्रत्येक उघडझाप पृष्ठभाग धुऊन काढते. मधुमेहात कॉर्नियाच्या बारीक नसा विरळ होतात. नसांकडून निरोप कमी गेला की अश्रू कमी सुटतात, उघडझाप मंदावते, आणि रक्तातल्या साखरेबरोबर अश्रूंतली साखरही वाढते. दुसरं कुंपण म्हणजे कॉर्नियाच्या वरच्या पेशींचा थर. तो खरवडला की एरवी शेजारच्या पेशी सरकत येऊन एक-दोन दिवसांत जागा झाकतात. मधुमेहात पेशींना ‘पुढे सरक’ हा संदेश देणारी यंत्रणा मंदावलेली असते आणि आधारपटलाशी पकड ढिली असते. त्यामुळे झाकलेली जागा पुन्हा उचलली जाते. किरकोळ ओरखडा आठवडाभर उघडा राहतो, आणि जिवाणूंना तेवढीच फट हवी असते.

जिवाणू आत शिरला की पेशींवरची टोल-सदृश ग्राहकं (टीएलआर) ही प्रथिनं त्याला ओळखतात. स्टॅफिलोकॉकसच्या आवरणातले अंश टीएलआर-२ ओळखतं, स्यूडोमोनासच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन टीएलआर-४ आणि त्याच्या शेपटीतलं प्रथिन टीएलआर-५. ओळख पटली की इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-८ असे संदेश सुटतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून या पेशींना काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरच्या वाहिन्यांतून बाहेर पडून पुढचा रस्ता पेशीजालातून काढावा लागतो. जखमेच्या मध्यभागी पोहोचायला वेळ लागतो, आणि साखर वाढलेली असताना न्यूट्रोफिलची वाहिनीला चिकटण्याची, संदेशाच्या दिशेने सरकण्याची आणि जिवाणू गिळण्याची ताकद घटलेली असते.

गिळल्यानंतर मारण्याचं काय? न्यूट्रोफिल जिवाणूला सुपरऑक्साइडच्या झोताने मारतो आणि त्यासाठी त्याला एनएडीपीएच हा रेणू लागतो. पेशीत साखर जास्त झाली की अल्डोज रिडक्टेज हे एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल बनवू लागतं आणि त्यात हाच एनएडीपीएच खर्च होतो. शस्त्र चालवायला ठेवलेलं इंधन साखर निस्तरण्यात संपतं. संसर्गाच्या काळात साखर आटोक्यात आणण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला जातो. साखर खाली आली की न्यूट्रोफिलची मारकक्षमता काही प्रमाणात परत येते. नसांचं नुकसान मात्र एवढ्यात भरून येत नाही.

इथे एक उलटा पेच आहे, आणि तो लक्षात न घेतल्याने उपचार चुकतात. मधुमेहात प्रतिसाद नुसता कमजोर असतो असं समजणं अपुरं आहे. तो सुरुवातीला उशिरा येतो आणि नंतर वेळेवर थांबत नाही. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जिवाणू पकडतात. मधुमेहात ही जाळी फेकायला ते जास्त उतावीळ असतात, आणि जखम भरून यायला त्याच जाळ्या अडथळा करतात. मेलेले न्यूट्रोफिल उचलून नेणारे मॅक्रोफेजही मंदावलेले असतात. न उचललेल्या न्यूट्रोफिलमधून इलास्टेज आणि कोलाजेन विरघळवणारी एन्झाइमं गळत राहतात, आणि जिवाणू मेल्यावरही कॉर्निया वितळत जातो. पातळ होत चाललेल्या कॉर्नियात थेंबांच्या जोडीला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पोटातून देतात, ते जिवाणूंसाठी कमी आणि हे वितळणं थोपवण्यासाठी अधिक. थेंब वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

आणखी एक गोष्ट: दुखणं. कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत जास्त नसा असलेल्या भागांपैकी एक आहे, म्हणून तिथली जखम एरवी असह्य दुखते आणि माणूस त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. मधुमेहात संवेदना बोथट झालेली असल्याने दोन मिलिमीटरची जखमही ‘थोडं खुपतंय’ एवढ्यावर निभावते. त्यामुळे ‘दुखत नाही, म्हणजे औषध लागू पडतंय’ हे मोजमाप मधुमेहात वापरू नये. नजर, जखमेवरचा पांढरेपणा आणि उजेड सहन होणं, या खुणांवर जास्त भरवसा ठेवावा. नजरेबद्दलही एक सावधगिरी: साखर झपाट्याने खाली आणली की डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमी-जास्त होऊन चष्म्याचा नंबर काही दिवस हलतो. दोन्ही डोळ्यांना सारखंच धूसर दिसत असेल तर बहुधा ते असतं; एकाच, लाल डोळ्याची नजर घसरत असेल तर ते संसर्गाचं समजून त्याच दिवशी दाखवावं.

किती वेळा, किती दिवस, कसे

डोळे आले असतील तर एक थेंब दिवसातून तीनदा, सात दिवस. मधुमेहींसाठी यात बदल नाही, फक्त चिपडं थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली बाजूला ठेवू नये. विषाणूंमुळे डोळे आले असतील, म्हणजे पाणी जास्त, पू कमी आणि कानापुढची गाठ दुखरी, तर हे थेंब काहीही करत नाहीत. रांजणवाडीसाठीही ते मागू नयेत. तिथे कोमट शेक दिवसातून तीन-चारदा, दहा मिनिटं, हाच पहिला उपाय. फक्त बोटांची संवेदना कमी असलेल्यांनी कापडाची ऊब दुसऱ्याकडून तपासून घ्यावी, पापणी भाजलेली लगेच कळत नाही.

कॉर्नियाच्या जखमेत हिशेब पूर्ण बदलतो. पहिले ४८ तास दर तासाला एक थेंब, मग वरचा थर भरून येईपर्यंत दर दोन तासांनी, असं साधारण वेळापत्रक असतं; जखम मोठी असेल तर पहिल्या अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी टाकून साठा भरतात आणि पहिल्या रात्रीही गजर लावून थेंब चालू ठेवतात. इथे बाटलीचा आकार आडवा येतो. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०४ ते ०.०५ मिलिलीटर, म्हणजे ३ मिलिलीटरच्या बाटलीत ६० ते ७५ थेंब. दर तासाला एक या वेगाने ४८ तासांत ४८ थेंब जातात, आणि गालावर पडलेले धरले तर बाटली दुसऱ्या रात्रीच आटते. औषध संपलं म्हणून पहाटेचे चार-पाच थेंब चुकले, हे जखम अचानक बळावण्याचं अगदी साधं आणि टाळता येण्याजोगं कारण आहे. सुरुवातीलाच ५ मिलिलीटरची किंवा दोन बाटल्या घेऊन ठेवाव्यात.

मधुमेहात जखम भरायला जास्त दिवस लागतात, म्हणून तासाचं वेळापत्रक लांबवत नेण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. कोणतंही अँटिबायोटिक तासातासाला आठवडाभर टाकलं तर पेशींना बाधतं. जिवाणू मेले आहेत पण थर भरत नाही, अशा वेळी औषध कमी करून परिरक्षक नसलेले वंगणाचे थेंब वाढवणं हा मार्ग असतो. कधी कमी करायचं ते स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ठरतं: पांढऱ्या डागाची कड बोथट आणि स्पष्ट होणं, भोवतालची सूज उतरणं, फ्लुओरेसिनच्या रंगात दिसणारी उघडी जागा आकसणं. रंग घेणारी जागा तेवढीच राहिली आणि डाग मात्र साफ होत गेला, तर अडलेलं काम संसर्गाचं नाही, थर भरण्याचं आहे. मधुमेहात ही अवस्था वारंवार दिसते. ४८ तासांत कड बोथट झाली नाही तर मात्र औषध बदलायचा विचार करावा लागतो.

थेंब टाकण्याची रीत सगळ्यांना येते असं गृहीत धरलं जातं. मधुमेहात हाताचे सांधे ताठर, बोटांची संवेदना कमी आणि नजर आधीच अधू असू शकते. बाटली धरलेला हात कपाळावर टेकवावा, खालची पापणी हलकेच ओढून खिसा करावा, त्यात एकच थेंब सोडावा. खालच्या पापणीच्या खिशात जेमतेम ३० मायक्रोलीटर मावतं, म्हणजे एकाच थेंबातलं काही तसंही बाहेर येतं आणि दुसरा थेंब पूर्ण वाया जातो. मग डोळा मिटून नाकाशेजारच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं दाबावं. घशात कडू चव आली तर समजावं की दाबायचं राहिलं आणि औषध अश्रुनलिकेतून घशाकडे गेलं. दुसरे थेंब टाकायचे असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत, मलम असेल तर ते सर्वांत शेवटी. ड्रॉपरचं टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू देऊ नये. परिरक्षक नसलेल्या बाटल्यांची ही दुसरी बाजू आहे: २०२३ मध्ये अमेरिकेत परिरक्षक नसलेल्या, अनेकदा वापरायच्या बाटलीतल्या कृत्रिम अश्रूंतून औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास पसरला, लोकांची दृष्टी गेली आणि मृत्यूही झाले. मॉक्सिफ्लॉक्सासिन स्वतः जिवाणूविरोधी असल्याने धोका कमी, पण जो जिवाणू त्याला दाद देत नाही तो या बाटलीत सुखाने राहील.

साखरेवर परिणाम होईल का, हा प्रश्न योग्य आहे. फ्लुओरोक्विनोलोन गटाच्या पोटातून घ्यायच्या गोळ्या साखर वर-खाली करतात, विशेषतः सल्फोनिलयुरिया गटाच्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांत. गॅटिफ्लॉक्सासिनच्या गोळ्या तर त्याच कारणाने मागे पडल्या. थेंबांचा हिशेब वेगळा आहे. एका थेंबात सुमारे ०.२५ मिलिग्रॅम औषध, गोळीत ४०० मिलिग्रॅम. अहोरात्र दर तासाला टाकले तरी दिवसाला ६ मिलिग्रॅमच. रोजच्या तीन थेंबांनंतर रक्तात पोहोचणारं प्रमाण गोळीच्या तुलनेत हजार पटींहून कमी भरतं. साखरेच्या भीतीने थेंब टाळण्याचं कारण नाही. उलट, संसर्गामुळे साखर वाढते ती पाहावी लागते, म्हणून थेंब चालू असेपर्यंत ग्लुकोमीटरने नेहमीपेक्षा अधिक वेळा मोजावी.

ज्यांना हे औषध पुरत नाही

मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस बऱ्याचदा या गटालाही जुमानत नाही, आणि वारंवार दवाखान्यात जाणं-येणं असलेल्या, आधी अनेक अँटिबायोटिक्स झालेल्या मधुमेहींच्या पापण्यांवर तो असण्याची शक्यता जास्त असते. बुरशी, ॲकँथअमीबा हा एकपेशीय परजीवी आणि नागिणीचे विषाणू यांच्यावर तर शून्य परिणाम. म्हणून जखम कॉर्नियाच्या मध्याजवळ असेल, २ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पांढऱ्या पेशी दिसत असतील, तर पहिला थेंब टाकण्याआधी खरवडून नमुना घेतला पाहिजे. मधुमेहात हा उंबरठा आणखी खाली ठेवावा. आधी औषध सुरू करून चार दिवसांनी नमुना घेतला की अर्धवट मेलेले जिवाणू वाढत नाहीत आणि प्रयोगशाळेचा कोरा अहवाल हाती येतो.

मोठ्या जखमेत अजूनही दोन तीव्र केलेल्या औषधांची जोडी वापरतात: सेफाझोलिन किंवा व्हँकोमायसिन दर मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम, आणि टोब्रामायसिन १४ मिलिग्रॅमच्या आसपास. टोब्रामायसिनचं गणित सोपं आहे: ०.३ टक्क्याच्या ५ मिलिलीटर बाटलीत दर मिलिलीटरला ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन २ मिलिलीटर घातलं की ९५ मिलिग्रॅम ७ मिलिलीटरमध्ये, म्हणजे दर मिलिलीटरला साधारण १३.६ मिलिग्रॅम. हे घरी करायचं काम नाही. निर्जंतुक टेबलावर, औषधनिर्मात्याने करायचं. या थेंबांची व्याप्ती मोठी, पण ते झोंबतात, थंड ठेवावे लागतात, आठवड्याभरात फेकावे लागतात, आणि टोब्रामायसिन पेशींना बाधतं. लहान जखमेत मॉक्सिफ्लॉक्सासिन एकट्याने पुरतं, आणि मधुमेही डोळ्यासाठी ते सौम्यही आहे.

स्टिरॉइड मिसळलेली जोडबाटली

मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन ०.१ टक्के एकाच बाटलीत मिळतं. लाल डोळ्याला एका दिवसात पांढरा करणारी ही बाटली लोकप्रिय का आहे ते कळतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती वापरणं समजण्यासारखं आहे. निदान न झालेल्या लाल डोळ्यात मधुमेहींनी तिला हात लावू नये. स्टिरॉइड न्यूट्रोफिलना वाहिनीबाहेर पडू देत नाही आणि थर भरणं लांबवतं. मधुमेहाने आधीच ढिलावलेल्या या दोन्ही गोष्टी त्याने आणखी ढिल्या होतात. डोळा पांढरा दिसतो आणि खाली बुरशी किंवा विषाणू पसरत राहतो.

स्टिरॉइडला जिवाणूजन्य जखमेत जागाच नाही असंही नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत सगळ्यांना मॉक्सिफ्लॉक्सासिन दिलं, जिवाणू सिद्ध झाल्यावर आणि किमान ४८ तासांच्या थेंबांनंतरच निम्म्यांना प्रेडनिसोलोन फॉस्फेट १ टक्का जोडलं. तीन महिन्यांनी एकूण नजरेत फरक पडला नाही. सुरुवातीला नजर फारच खालावलेल्या गटात फायदा दिसला, नोकार्डिया जिवाणूच्या जखमांत मात्र भरल्यानंतरचा डाग मोठा राहिला. या आकड्यांवरून सोयीची जोडबाटली समर्थनीय ठरत नाही, कारण तिच्यात स्टिरॉइड पहिल्या थेंबापासून जातं आणि दोन औषधं वेगवेगळ्या वेगाने कमी करता येत नाहीत.

आतला संसर्ग

डोळ्यात थेंब टाकल्यावर औषध पुढच्या कप्प्यापर्यंत बऱ्यापैकी पोहोचतं, काचद्रवात मात्र उपयोगी प्रमाणात नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्यात इंजेक्शन घेतल्यानंतर नजर अचानक घसरली, डोळा लाल झाला, तर थेंब वाढवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. काचद्रवाचा नमुना घेऊन व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलीटरमध्ये, थेट आत टोचतात. दोन वेगळ्या सिरिंजनी, कारण एकत्र केली की साका होतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या शेवटी मॉक्सिफ्लॉक्सासिनही डोळ्यात टोचतात, पण ते टोचण्यासाठी बनवलेलं वेगळं उत्पादन असतं.

इथेही दुखण्यावर विसंबून चालत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२० रुग्णांच्या अभ्यासात सुमारे चौथ्या हिश्शाला दुखतच नव्हतं. त्याच अभ्यासात उपचारांनंतर ६/१२ किंवा त्याहून चांगली नजर मिळवणारे मधुमेह नसलेल्यांत ५५ टक्के होते, मधुमेहींत ३९ टक्के. काही वेळा जिवाणू बाहेरून येतही नाही. यकृतातल्या गळवातला क्लेब्सिएला रक्तातून डोळ्यात उतरतो, आणि मधुमेही उंदरांवरचे प्रयोग सांगतात की मधुमेह जितका जुना तितका रक्त आणि डोळ्याच्या पडद्यामधला बांध पाझरतो आणि हे उतरणं सोपं होतं. डोळ्याला काही लागलेलं नसताना ताप, पोटदुखी आणि एका डोळ्याची घसरती नजर एकत्र आली तर डोळ्यांच्या औषधाची बाटली शोधू नये, रुग्णालय गाठावं. तिथे रक्ताचं कल्चर आणि पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी.

बाटलीचं म्हणाल तर २५ अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवावी, गोठवू नये. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहावी आणि २८ दिवसांनी, शिल्लक असली तरी, टाकून द्यावी. कपाटात राहिलेली अर्धी बाटली पुढच्या लाल डोळ्याला दोन दिवस टाकून पाहिली, तर तो संसर्ग बरा होण्याइतकं औषध पोहोचत नाही, पण नंतर घेतलेला नमुना कोरा येण्याइतकं नक्की पोहोचतं.